बिनसाखरेची तारीख

"अष्टमीलाच करा बाई, देवीचा दिवस हाय," असं जिवनबाई म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या चौकटीवर पेनाचं टोक टेकवून विचारलं, "म्हणजे शनिवार. तीस सप्टेंबर. पक्कं ना?" त्याच क्षणी रतनसिंग राठोडला आपल्या खुर्चीखालची फरशी हलली असं वाटलं. वाटलं म्हणजे अगदी खरोखर. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि पहिल्यांदा पाहिलं ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे. पाणी स्थिर होतं. पंखा आपल्या लयीत फिरत होता, बाहेरच्या बाकड्यावरच्या बाया गप्पा मारत होत्या, कोणीही उठून पळत नव्हतं. म्हणजे हललं ते आतलंच काही. समोर त्याची लेक दिपा पोटावर हात ठेवून बसली होती. बाळ आडवं होतं, भोवतीचं पाणी कमी होत चाललं होतं, आणि बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की ऑपरेशनला इलाज नाही, शुक्रवार, शनिवार, रविवार, कोणता दिवस बरा ते तुम्हीच सांगा. माणसानं जन्माचा दिवस निवडायचा, हेच आधी रतनसिंगला पचलं नव्हतं. त्यात निवडून निवडून हा! आणि निवडला कोणी, तर त्याच्याच बायकोनं, जिवनबाईनं. दिपाचे सासरे हिरासिंग मात्र खुलले होते. "बराबर बोलल्या व्याहीणबाई. पोरगी झाली तर भवानी, पोरगं झालं तर भवानीचा भगत. आपलं दोन्हीकडून जमलं!" जावई ओमप्रकाश मोबाइलमधून डोकं न काढताच हसला. दिपानं बापाकडे पाहिलं. "बापू, तुमी काहून गप?" आणि रतनसिंगच्या तोंडून, जणू दुसऱ्याच कोणाच्या तोंडून यावं तसं, निघालं, "कुठं काय. चांगला दिवस आहे, बेटा."

चांगला दिवस. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते दोन शब्द त्याच्या चपलेत खडे शिरावेत तसे टोचत राहिले. जिवनबाई पुढं चालली होती, नवरात्राची अनवाणी, रस्त्यावरची खडी चुकवत, पदर खोचून. तिला म्हटलं, तू हो पुढं, मी येतो. ती "बरं" म्हणाली आणि एक नजर टाकून गेली. रतनसिंग रामलीला मैदानाकडे वळला. दसऱ्याच्या प्रदर्शनाचे मांडव उभे राहत होते, आकाशपाळण्याचा सांगाडा चढवून झाला होता, आणि एक माणूस वरच्या दांडीवर बसून रिकामे पाळणे एकेक करून अडकवत होता. पाळणा अडकला की चाक थोडं फिरायचं, पुढची रिकामी जागा खाली यायची. रतनसिंग ते बघत उभा राहिला. सेनगावकडच्या एका खेड्यातल्या शाळेचा तो मुख्याध्यापक; पण मुख्याध्यापक होण्याच्या कितीतरी आधीपासून परिपाठातला दिनविशेष त्याच्याकडे होता. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, की एखादं पोरगं पुढं यायचं, हात पाठीमागं बांधायचं आणि एका दमात म्हणायचं, आजच्या दिवशी अमुक साली अमक्यांचा जन्म, तमुक साली तमक्यांचा मृत्यू. सतरा सप्टेंबर म्हटलं की निजामाच्या राज्यातून मराठवाड्याची सुटका. एक मे म्हटलं की महाराष्ट्राचा जन्म, आणि नव्व्याण्णवपासून आपल्या हिंगोली जिल्ह्याचाही. रतनसिंगला ह्याची गोडी होती. एका दारातून एक माणूस आत येतो, त्याच दारातून दुसरा बाहेर जातो, दोघांमध्ये शंभर वर्षांचं अंतर, एकमेकांची काडीची ओळख नाही, आणि तरी तारखेनं दोघांना एका ओळीत बसवलेलं. पंगतीत शेजारी कोण येईल हे जसं आपल्या हाती नसतं, तसं. एकदा एका पोरीनं विचारलं होतं, "सर, एकाच दिवशी येवढं सगळं कसं काय व्हतं?" तेव्हा तो सहज म्हणून गेला होता, "दिवस मोठा असतो, बाई." पोरं हसली होती. आता मैदानात उभ्या उभ्या त्याला वाटलं, कोणत्या तोंडानं बोललो आपण ते? दिवस कसला मोठा! दिवस एका लोखंडी खाटेएवढा असतो.

तीस सप्टेंबरला पोरं वाचायची ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ होतं. एकोणीसशे त्र्याण्णव, किल्लारीचा भूकंप, हजारो माणसं झोपेत गाडली गेली. पोरगं ते वाचायचं, रतनसिंग पुढं होऊन म्हणायचा, सगळे उभे राहा. शाळा गप्प व्हायची. पहिल्याच वर्षी त्या शांततेत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेना. बाजूचे मोहनसिंग गुरुजी नंतर ऑफिसात सगळ्यांना सांगत होते, "काळीज असावं तर राठोड सरांसारखं. कुठं लातूर, कुठं आपण, पण माणूस घरचं गेल्यासारखा रडला." त्या दिवशी रतनसिंगनं त्यांना काही सांगितलं नाही. पुढं सांगायची वेळच निघून गेली. इतक्या हजारांत आपलं एक कसं मिसळावं? ज्या पहाटे गावंच्या गावं मातीखाली गेली, त्याच पहाटे हिंगोलीत एका मास्तरचं सात वर्षांचं पोरगं तापानं गेलं. हे दिनविशेषात बसत नाही. उलट सांगायची लाज वाटायची, जणू लोकांच्या एवढ्या मोठ्या दुःखात आपण फुकट घुसलो. विकासला माती देऊन आठ दिवस झाले नसतील, तर गल्लीत कपडे गोळा करणारी गाडी आली, भूकंपग्रस्तांसाठी. जिवनबाई आत गेली आणि विकासचे सगळे कपडे घेऊन आली, घड्या घालून. वर गणपतीला शिवलेला नवा पिवळा सदरा होता, एकदाही न घातलेला. गाडीतला माणूस म्हणाला, "लहान लेकराचे कपडे लई लागतात, ताई." तिकडं कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये कुठल्यातरी पोरानं तो पिवळा सदरा घातला असेल. तो आता वीस वर्षांचा झाला असेल. हा विचार रतनसिंगला कधी बसमध्ये, कधी पंक्तीत, कधी फळ्यावर लिहिता लिहिता यायचा, आणि खडू हातात तसाच राहायचा.

पण त्याला खरा धसका होता तो ह्याचा नव्हे. धसका होता एका शब्दाचा. ती पहाट अशी होती की गावातले गणपती बुडवून ढोल नुकतेच थंडावले होते. सरकारी दवाखान्यात विकासचा ताप पाचव्या दिवशीही उतरला नव्हता. जिवनबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून, पोराच्या पावलांवर डोकं टेकून डुलक्या घेत होती. रतनसिंग उशाशी. विकासचा श्वास जरा जरा लांबत गेला आणि मग लांबायचाही थांबला. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावली. रतनसिंगला कळलं होतं आणि कळलं नव्हतं. कीर्तनात बुवांनी अभंग धरावा आणि मृदंगावर थाप पडायच्या आत जी एक पोकळी असते, तशा पोकळीत तो बसून होता, थाप पडेल म्हणून. आणि तेवढ्यात खाट हलली. लोखंडी खाट खडखडली, सलाइनची बाटली झुलायला लागली, आणि विकासची मान, ती छोटीशी मान, उशीवर एका बाजूची दुसऱ्या बाजूला झाली. रतनसिंग ओरडला, "हलला! जिवना, हलला बघ!" जिवनबाई ताडकन उठली. तिनं पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उजाडलं तसं रतनसिंगनं ना आधी कधी पाहिलं होतं, ना नंतर. मग बाहेर आरडाओरडा झाला, भूकंप, भूकंप, बाहेर पळा! जिवनबाईचा चेहरा त्याच्या देखत विझला. दिवा फुंकरीनं विझतो तसा नव्हे; तेल संपून विझतो तसा, सावकाश, शेवटपर्यंत दिसत. त्या बाईला त्यानं आपल्या तोंडानं लेकरू परत दिलं आणि आपल्याच डोळ्यांदेखत काढून घेतलं. तेरा वर्षांत तिनं त्यावर एक अक्षर काढलं नाही. त्यानंही नाही.

तिचा हिशेब वेगळा होता. तारीखवार तिला कधी लागतच नव्हते. तिचं सगळं सणांवर. गणपती बुडाले की दुसऱ्या दिवशी ती तुपाचा दिवा लावायची, खीर करायची, एक वाटी बाहेर ठेवायची. दरवर्षी तो दिवस वेगळ्या तारखेला पडायचा. यंदा तर सप्टेंबराच्या पहिल्याच आठवड्यात होऊन गेला होता. रतनसिंग त्या दिव्याला हात जोडायचा, पण त्याच्या आत काही हलायचं नाही. त्याचा दिवस पुढं असायचा. तीस तारखेला तो उठायचा, जिवनबाईनं पुढं ठेवलेला चहा पिऊन न बोलता जीप गाठायचा आणि शाळेत जाऊन उभा राहायचा. एका लेकराचं जाणं दोघं नवरा-बायको दोन वेगळ्या दिवशी एकेकटे सोसत होते, आणि त्याला वाटे, बरंच आहे. निदान माझ्या तारखेचं ओझं तरी तिच्या डोक्यावर नाही. म्हणूनच आज ती अष्टमी म्हणाली तेव्हा तो हादरला तरी तिच्यावर चिडला नाही. तिला बिचारीला काय माहीत. देवीचा दिवस, एवढंच तिला दिसलं. आता नातवंडाचा वाढदिवस दरवर्षी त्याच दिवशी येणार. केक आणतील, फुगे लावतील, म्हणतील, आजोबा, टाळ्या वाजवा. आणि शाळेत पोरं उभी असतील गप्प. आणि त्याहून खालच्या थरात, जिथं मास्तर पोचत नाही तिथं, एक भीती होती, लहान पोरासारखी, दाराआड उभी: त्या दिवसानं एकदा घेतलंय. तो दिवस आपल्या घराचा रस्ता ओळखतो.

देवाधर्माचा तो होता. सेवालाल महाराजांच्या भोगाला तांड्यावर जायचा, आणि कीर्तन कुठंही असलं तरी वाट वाकडी करून ऐकायचा. मागच्या वर्षी वारंगा फाट्याला सप्ताह होता; एकीकडे ट्रकांचे भोंगे, एकीकडे टाळ. ग्यानबा महाराजांनी रंगात आलेलं कीर्तन मध्येच थांबवून विचारलं होतं, "माउली, आपल्या संतांचे वाढदिवस किती जणांना ठाऊक आहेत? सांगा बरं!" मंडप गप्प. "आणि गेल्याचे दिवस?" चहूकडून आवाज उठले, ही तिथी, ती तिथी. महाराज हसले. "बघा! जग येण्याचे पेढे वाटतं, आपण जाण्याचा काला वाटतो. रामनवमीला दुपारी पाळण्यावर फुलं टाकता, पुण्यतिथीला समाधीवर फुलं टाकता. परडी तीच ना? का दोन परड्या आहेत घरात?" लोकांनी माना डोलावल्या, मृदंगावर थाप पडली, रतनसिंगच्याही अंगावर काटा आला होता. त्या रात्री घरी येताना त्याला वाटलं होतं, काहीतरी सुटलं आतलं. आता मैदानात त्याला ते आठवलं आणि तो आकाशपाळण्याकडे बघत मनाशीच म्हणाला, महाराज, ते संतांचं झालं. ते आपलं काम करून गेले. माझा विकास सात वर्षांचा होता. त्याला अजून साताचा पाढा यायचा होता.

गुरुवारी त्याला राहवेना. शाळेतून परस्पर दवाखान्यात गेला. "बाई, एक दिवस अलीकडे नाही का जमणार? उद्या?" बाई चष्मा काढून म्हणाल्या, "जमेल की. पण का? काही कारण?" त्यानं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. "असंच," तो म्हणाला. बाई समजुतीनं हसल्या; असे मुहूर्तवाले त्यांना रोज भेटत असणार. "सासरच्यांना विचारून घ्या, मला काही अडचण नाही." रस्त्याच्या कडेच्या रुपयाच्या फोनवरून त्यानं हिरासिंगला लावला. "व्याही, उद्या केलं तर नाही का चालणार?"

"काहून? परवा तुमच्या शाळेत साहेब येनार हाय का?"

"नाही, तसं नाही..."

"मंग? अवो मास्तर, साऱ्या तांड्याला सांगून बसलो मी. आमच्या म्हातारीनं तर आनंदाच्या भरात उपासातच दोन पेढे खाल्ले. आता तिला काय सांगू, पेढे वापस कर म्हनून?"

रतनसिंगला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यात कुठंतरी फाटलं. पलीकडून हिरासिंगचा आवाज मऊ झाला. "काही तकलीफ हाय का, व्याही? सांगा ना. मी काय परका हाव?" फोनमध्ये टूं टूं वाजायला लागलं. खिशात आणखी एक रुपया होता. त्याला तो बोटांना लागत होता. त्यानं तो बाहेर काढला नाही. फोन तुटला.

शनिवार उजाडला. दिपाला आत न्यायची तयारी चालली होती, ओमप्रकाश औषधं आणायला गेला होता, हिरासिंग देवीला नारळ फोडायला. विकास गेल्यापासून पहिल्यांदा ह्या तारखेला रतनसिंग शाळेत नव्हता. आता तिकडं परिपाठ सुरू असेल, मोहनसिंग गुरुजी म्हणत असतील, उभे राहा. तो दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली उकिडवा बसला होता. जिवनबाई थर्मास घेऊन आली, त्याच्याजवळ टेकली, चहा ओतून ग्लास त्याच्या हातात दिला. त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर लई पडली आज."

"न्हाई. रोजच्याइतकीच हाय," जिवनबाई म्हणाली. मग थांबून, थर्मासचं झाकण लावत, "आजच्या दिसाला तुमाला गोडाची सवय न्हाई."

रतनसिंगनं तिच्याकडे पाहिलं. ती दवाखान्याच्या दाराकडे बघत होती.

"म्हणजे?"

"पयल्या वर्साला म्या खरंच इसरले व्हते साखर घालायची. तुमी तसाच घटाघटा पिऊन गेले. माझ्या मनात आलं, ह्या मानसाला रोज दोन चमचे लागतात, आज काय झालं? मंग शेजारी रेडिओवर किल्लारीचं सांगितलं, तवा उमगलं, ह्यांचा दिवस आज हाय. तवापासून या तारखेला म्या साखर घालतच न्हाई. बघू म्हनलं. एखाद्या साली तरी म्हनतील, जिवना, साखर न्हाई ह्याच्यात. मंग म्या म्हननार व्हते, बसा, आज शाळेत नका जाऊ. दोघं मिळून बसू." ती जरा हसली. "बारा सालं फिका चहा पाजला मास्तरला. मास्तरला पत्ता न्हाई!"

रतनसिंगनं ग्लास खाली ठेवला. फरशी हलली होती तेव्हा जेवढा हादरला नव्हता तेवढा तो आता हादरला. बारा वर्षं एक दार उघडं होतं, रोजच्या चहाच्या कपाएवढं, त्याच्या तोंडासमोर, आणि तो त्याच्यातून गिळून निघून जात होता. तिला तारखा लागत नाहीत असं त्यानंच ठरवलं होतं. त्याला वाटलं, हिला आपण ओळखतच नाही. कोण आहे ही बाई? मोठ्या कष्टानं तो म्हणाला, "मग ठाऊक असून... तूच हा दिवस काहून सांगितलास?"

अनवाणी तळव्याला रुतलेला खडा तिनं बोटानं काढला, बाजूला टाकला. "तुमी तवा म्हनले व्हते ना. हलला म्हनून." तेरा वर्षांत तो शब्द पहिल्यांदा कोणीतरी बाहेर काढला होता. लिंबाखाली, सकाळच्या उजेडात. "मला लई राग आला व्हता तुमचा. लई दिस. मंग एकदा वाटलं, ह्यांनी काय खोटं सांगितलं? दिसलं ते बोलले. पन तो शब्द तसाच लटकून राहिला आपल्या घरात, त्या सलाइनच्या बाटलीवानी. ना खाली पडला, ना कुनी काढला. बाईंनी तीन दिस सांगितले, त्यात ही तारीख निघाली, अन् वर अष्टमी. म्हनलं, जगदंबे, तूच दाखवून राहिली का? त्याच दिसाला कुनीतरी खरंच हलू दे. ह्या मानसाचं तोंड एकदा खरं व्हऊ दे."

"आणि काही कमीजास्त झालं तर?" त्याचा आवाज फुटला. "आजच?"

"तर देवीला अशा शिव्या देईन की तिचे घट हलतील," जिवनबाई म्हणाली, आणि तेव्हा त्याला दिसलं की तिचे ओठ पांढरे पडले आहेत. तीही भ्यालेली होती. त्याच्याइतकीच. कदाचित जास्त, कारण हा डाव तिनं लावला होता. त्यानं तिचा हात धरला. भर आवारात, बायामाणसांदेखत. एवढ्या संसारात असं कधी झालं नव्हतं. "चहा दे आणखी," तो म्हणाला. दोघं एकाच ग्लासातून पीत बसले. गोड होता. असह्य गोड.

मग आतून बोलावणं आलं, आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. बाकड्यावर रतनसिंग, जिवनबाई, नारळाचा तुकडा हातात घेऊन हिरासिंग, भिंतीला टेकून ओमप्रकाश. कोपऱ्यात स्टुलावर पिण्याच्या पाण्याची स्टीलची टाकी, तिच्यावर कोणीतरी अर्धा भरून ठेवलेला ग्लास. रतनसिंगच्या मनात देवाचं नाव येईना, मंत्र येईना. मृदंगाच्या थापेआधीची ती पोकळी पुन्हा आली होती, तीच, ओळखीची, आणि ह्या वेळी तिच्यात तो एकटा नव्हता एवढाच फरक. आतून रडण्याचा आवाज आला का? आला. का शेजारच्या खोलीतला होता? हिरासिंग उठून उभे राहिले. पुन्हा सगळं शांत. दार उघडलं. सिस्टर पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. "मुलगी आहे. आई बरी आहे. कोण घेतंय?" हिरासिंगनं हात पुढं केले होते, त्यांनी व्याह्याच्या तोंडाकडे पाहिलं, काय दिसलं कोण जाणे, आणि हात मागं घेतले. "मास्तरकडं द्या."

ओझं त्याच्या दोन्ही तळहातांवर आलं. केवढंसं. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, रडणं नाही, काही नाही. उशीवरच्या त्या दुसऱ्या चेहऱ्यासारखं शांत. जिवनबाई त्याच्या खांद्याशी उभी होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. आणि कपड्याच्या आत, त्याच्या डाव्या तळहातावर, कशानं तरी जोरात ढकललं. टाच असावी. त्यानं पटकन मान वळवून कोपऱ्यातल्या ग्लासाकडे पाहिलं. पाणी स्थिर होतं. जमीन जागच्या जागी होती. पुन्हा ढकललं.

"काय झालं?" जिवनबाईनं विचारलं. तिला दिसत होतं. तिला त्याच्या तोंडून हवं होतं.

रतनसिंगनं ओठ उघडले, पुन्हा मिटले. मग म्हणाला, "हलली."

"मोठ्यानं म्हना," जिवनबाई म्हणाली.